मदत हवी आहे: पुणे–अमळनेर ने-आण करायला पीसीचं लहान कॅबिनेट, पण मे महिन्यात टिकलं पाहिजे

नमस्कार मंडळी,

मी अमळनेरजवळच्या गावचा, शिकायला पुण्यात. गेमिंगचा पीसी एकच आहे आणि दिवाळीत नि एप्रिल-मेमध्ये तो माझ्याबरोबर घरी येतो. घरी धाकटा भाऊ आहे, सुट्टीत आतेभाऊ येतात, पीसी टीव्हीला जोडला की रात्री उशिरापर्यंत आमच्या शर्यती चालतात. पोरं वर्षभर त्याची वाट बघतात, त्यामुळे ‘पुण्यातच राहू दे’ हा पर्याय माझ्यासाठी नाही. लॅपटॉपही नको, कारण सगळे पार्ट आधीच घेतलेले आहेत आणि ते चांगले चालू आहेत.

पार्ट असे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स आकाराचा मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड (१२ जीबी, दोन पंख्यांचं), ६५० वॅटचा साध्या एटीएक्स आकाराचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि प्रोसेसरवर बसणारा १५० मिमी उंचीचा टॉवर कूलर. हे सगळं सध्या काचेच्या मिड-टॉवरमध्ये आहे.

गेल्या दिवाळीत हा टॉवर ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत टाकून आणला. घरी गोधडी उलगडली तर काचेचा चुरा. कार्डाच्या पंख्यांतून एकेक तुकडा चिमट्याने काढत बसलो, भाऊ टॉर्च धरून उभा. कार्ड वाचलं, पण ते अडकवतात त्या स्लॉटची कडी तुटली होती. आजी दारातूनच म्हणाली, “हाई खोकं कसाले लई फिरस रे भो?” तेव्हाच ठरवलं की काच नको आणि डिक्की नको. आता जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसने जाणार, पीसी बर्थवर उशाशी. म्हणजे तो एका हाताने उचलता आला पाहिजे, नाहीतर सॅकमध्ये मावला पाहिजे.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये अर्धा दिवस फिरलो. सगळीकडे मोठी, लाइटवाली कॅबिनेटच मांडलेली. मिनी-आयटीएक्सचं (माझ्यापेक्षा लहान बोर्डाचं) कॅबिनेट मागवून देऊ म्हणाले, पण हात लावून बघायला एकही मिळालं नाही. म्हणून इथे विचारतोय.

आतापर्यंत मी यांच्यापर्यंत आलोय. कूलर मास्टर एनआर२००पी १८.२५ लिटर आकारमानाचं, बाहेरून साधारण ३७६ × १८५ × २९२ मिमी. काचेऐवजी जाळीचा पत्रा लावता येतो, १५५ मिमीपर्यंतचा कूलर बसतो, म्हणजे माझा बसेल. पण त्याला मिनी-आयटीएक्स बोर्ड लागतो (१७० × १७० मिमी) आणि एसएफएक्स, म्हणजे लहान आकाराचा एसएमपीएस. डीपकूल सीएच१६० १४.७ लिटरचं, वर उचलायला मूठ, आणि त्यात माझा एटीएक्स एसएमपीएस चालतो. बोर्ड मात्र आयटीएक्सच. जोन्सबो झेड२० साधारण २० लिटरचं, त्यालाही मूठ आहे आणि माझा आत्ताचा बोर्ड जसाच्या तसा बसतो. फ्रॅक्टल टेरा १०.४ लिटरचं, बघितल्यावर मन तिथेच अडकलं, पण त्यात कूलर जास्तीत जास्त ७७ मिमी, कार्ड थेट बोर्डात न बसता रायझर नावाच्या जोडकेबलवर, आणि किंमत माझ्या हिशोबाबाहेर. कॅबिनेटसाठी माझ्याकडे ८-९ हजार आहेत. माझ्या प्रोसेसरला चालणारा (एएम४ सॉकेटचा) आयटीएक्स बोर्ड वेगळा घ्यायचा तर तो कॅबिनेटपेक्षा महाग पडतो.

खरी अडचण लिटरची नाही, उन्हाळ्याची आहे. रिव्ह्यूमध्ये तापमानं २१ ते २५ अंशांच्या खोलीत मोजलेली असतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो. वरच्या स्लॅबच्या खोलीत मी दुपारी चारला थर्मामीटर ठेवला होता, ३९ दाखवत होता. डिसेंबरात पुण्यात खोली २४ असताना माझं कार्ड ६८ला थांबायचं, तेच इथे ८३ला गेलं. खोली १५ अंशांनी वाढली, कार्डही तेवढंच वाढलं. हे मोठ्या, मोकळ्या टॉवरमध्ये! मग एखाद्या लहान कॅबिनेटमध्ये रिव्ह्यूवाल्याला ७५ आले असतील तर माझ्याकडे ९० धरायचे का? कार्डाची पॉवर १७०वरून १३० वॅटवर आणून बघितली, फ्रेम थोडेच कमी झाले, तापमान बरंच उतरलं. ते मी करेनच. पण हवा कमी पडणारं कॅबिनेट घेऊन सगळं त्याच्यावर ढकलावं, हे पटत नाही.

आमच्या जुन्या धाब्याच्या खोलीत त्याच वेळी ३४ होते. जाड मातीच्या भिंती, वर छतही मातीचं, दुपारी तिथेच बरं वाटतं. पीसी तिथेच लावणार. पण धाब्यातून बारीक माती गळत राहते, वारा सुटला की जास्तच. लहान कॅबिनेटांना बहुतेक वरच्या बाजूला जाळी असते आणि माती नेमकी वरूनच येते. वरचे पंखे हवा बाहेर फेकणारे लावले तर चालू असताना माती आत जाणार नाही, हे कळतं. बंद असताना फडकं झाकेन. पण खालून-बाजूने येणाऱ्या हवेला चांगली फिल्टर जाळी हवीच. एप्रिलमध्ये शेजारच्या खळ्यात मळणी चालू असली की भुसा घरभर असतो.

आणखी एक. खोलीत वाळ्याचा कूलर लावतो. पीसी त्याच्या झोतात ठेवावा की लांब? गारवा मिळेल, पण आमचं बोअरचं पाणी इतकं क्षारयुक्त आहे की कूलरच्या जाळीवर पांढरे थर चढतात. तेच थेंब बोर्डावर बसायला नकोत.

ज्यांनी खरंच अशा गरम गावात लहान पीसी वापरलाय (भुसावळ, चोपडा, शिरपूर, अकोला, कुठलंही) त्यांनी कृपया सांगा: बोर्ड तोच ठेवून झेड२० घ्यावं, की आयटीएक्स बोर्डाचा खर्च एकदाच सोसून एनआर२००पी किंवा सीएच१६०? आणि ती वरची मूठ पूर्ण भरलेल्या पीसीचं वजन रोज नाही, पण जिने चढताना झेपवते का?

भर (तीन दिवसांनी): सगळ्यांचे मनापासून आभार. प्रवासात कॅबिनेट असं आडवं ठेवा की बोर्ड खाली सपाट आणि कार्ड सरळ उभं राहील, मग कार्डाचा आणि टॉवर कूलरचा भार स्लॉटवर लोंबत नाही, हे मला सुचलंच नव्हतं. लांब प्रवासाला कार्ड काढून वेगळं न्या, हेही पटलं. मूळ खोका अजून माळ्यावर आहे. कूलरच्या झोतात ठेवू नका यावर तर सगळ्यांचंच एकमत दिसतंय, तो खिडकीत राहील आणि पीसी समोरच्या भिंतीला.

आयटीएक्स बोर्डाचा विचार सोडला. झेड२०कडे कल आहे, पण एक गोष्ट अजून अडली आहे: एटीएक्स एसएमपीएस लावल्यावर त्याच्या जाड केबली कार्डाच्या पंख्यांसमोर येतात का? कुणी हा जोड वापरत असेल तर बाजूचा पत्रा काढून एक फोटो टाकाल का? १५ एप्रिलला परीक्षा संपते, त्याआधी मागवायचं आहे.