हंगामातली पहिली डुबकी : थंड पाण्यात तुम्ही कसे उतरता?

टोपी, गॉगल, टॉवेल तीन आठवड्यांपासून पिशवीत भरून ठेवलेत आणि पाणी अजून १२ अंशांवरच अडकलंय. दरवर्षी हीच फसगत. ऊन तापायला लागलं की पाणीही तापलं असेल असं वाटतं, पण ते हवेच्या कितीतरी आठवडे मागे रेंगाळत असतं. उघड्या पाण्यातला हंगाम तुम्ही कसा सुरू करता, कुठे चुकलात, ते लिहा. ‘हळूहळू सवय होते’ एवढंच लिहून पळू नका.

माझ्यापासून सुरुवात. मागच्या हंगामात मी धक्क्यावरून थेट सूर मारला. डोकं पाण्याखाली गेलं आणि छातीने मला न विचारता एक मोठा श्वास ओढला. त्यात थोडं पाणीही गेलं. वर आले तर धाप थांबेना. शिडीची दांडी दोन्ही हातांनी धरून लटकले होते. पोहायला येतं म्हणून काही फरक पडला नाही. हा झटका पहिल्या मिनिटात सगळ्यात जोरात असतो आणि साधारण दोन-तीन मिनिटांत ओसरतो, हे नंतर कळलं. आता कमरेपर्यंत चालत जाते, मानेवर आणि तोंडावर पाणी मारते आणि फुंकर घातल्यासारखा लांब श्वास सोडत उभी राहते. एक अख्खं वाक्य न अडखळता मोठ्याने बोलता आलं की मगच पहिला हात मारायचा. लोक बघतात, बघू देत.

*

आम्ही दोघं पहिल्या आठवड्यात पोहतच नाही. उतरायचं, दोन-तीन मिनिटं मानेपर्यंत बुडून राहायचं, बाहेर. अशा पाच-सहा डुबक्यांनी तो सुरुवातीचा झटका जवळजवळ निम्म्यावर येतो आणि ही सवय काही महिने टिकते. कंटाळवाणं आहे, कबूल. पण सवय फक्त त्या झटक्याची होते, गारठ्यापासून काही ती वाचवत नाही. माझा नवरा इथेच गंडला होता. दम लागेनासा झाला म्हणून अर्धा तास पोहत बसला आणि मग त्याला काठावर चढता येईना.

*

वरच्या ताईंच्या यजमानांचं झालं तेच माझंही. दम शाबूत होता, हात गेले. माझी खूण सांगतो : करंगळी. पोहताना ती शेजारच्या बोटापासून आपोआप फाकायला लागते आणि जवळ आणू म्हटलं तरी येत नाही. मग बाकीची बोटं फाकतात, पंजा वाकडा होतो आणि पाणी मागे ढकललंच जात नाही. अंगाच्या आतली उष्णता तेव्हा बऱ्यापैकी टिकून असते. आधी हातापायांचे स्नायू संपावर जातात. मी त्या दिवशी काठापासून बराच आत होतो. कमरेला बांधलेल्या फुग्यावर छाती टेकून नुसते पाय मारत परतलो. तेव्हापासून मी काठाला समांतरच पोहतो आणि करंगळी फाकली की वळतो.

*

कानात बोळे घाला. एका कानात गार पाणी शिरलं आणि मला आकाश कुठे, तळ कुठे हेच कळेना. सगळं गरगर फिरत होतं. मिनिटभरात थांबलं, पण ते मिनिट फार मोठं होतं.

*

माझी चूक बाहेर आल्यावरची. ११ अंशांत वीस मिनिटं पोहून आले, गाल लाल, अंगात नुसता उत्साह. ओल्या कपड्यांतच गप्पा मारत उभी राहिले. दहा मिनिटांनी दात वाजायला लागले ते थांबेचनात, फ्लास्कचं झाकण उघडेना. पाण्यातून निघाल्यावरही शरीराचं आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं, त्याला आफ्टरड्रॉप म्हणतात. मी घाबरून कडकडीत शॉवरखाली गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सुदैवाने खाली बसले, पडले नाही.

आता कपडे घालायच्या क्रमाने रचून ठेवते, आधी घालायचा सगळ्यात वर. ओलं काढायचं, अंग कोरडं करून छाती-पोट आधी झाकायचं, लोकरी टोपी, मग गरम काहीतरी घोट-घोट. बटणं, नाड्या, घट्ट जीन्स असलं काही नको. बधिर बोटांना ते जमत नाही. कुडकुडणं थांबेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

*

वेटसूट, म्हणजे ऊब धरून ठेवणारा पोहण्याचा रबरी पोशाख, घालावा की नाही यावर इथे भांडण होणार, म्हणून आधीच सांगतो : मी इंग्लिश खाडीच्या तयारीत आहे, तिथे पारंपरिक नियमांत वेटसूट चालत नाही, म्हणून मी घालत नाही. तुम्हाला असलं काही बंधन नसेल तर खुशाल घाला. १९८७ साली अमेरिकन जलतरणपटू लिन कॉक्स साध्या स्विमसूटवर बेरिंगच्या सामुद्रधुनीत, अमेरिका आणि रशियाच्या दोन डायोमीड बेटांमधलं अंतर साधारण दोन तासांत पोहून गेली, ही गोष्ट नवशिक्यांना ऐकवणं मी बंद केलंय. वर्षानुवर्षांची तयारी बाजूला राहते आणि लोकांच्या डोक्यात फक्त साधा स्विमसूट उरतो.

*

मी आता उतरत नाही. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार आहे, डॉक्टरांनी थंड पाण्याला साफ नाही म्हटलं. गार पाण्याच्या झटक्याने ठोके वाढतात आणि त्याच वेळी चेहरा बुडाल्यामुळे शरीर ते कमी करू बघतं. ही ओढाताण माझ्यासारख्याला महागात पडू शकते. पहिल्या वर्षी फार चिडचिड झाली. मग घड्याळ आणि शिट्टी घेऊन काठावर बसायला लागलो.

इथून वेगळंच दिसतं. भडक टोप्या मोजत बसायचं. हात मंदावतात, कंबर खाली जायला लागते, सरळ पोहणारा माणूस तिरका जातो, आणि त्याला स्वतःला यातलं काही जाणवत नसतं. विचारलं तर ‘मस्त वाटतंय’ म्हणतो, तेही जरा बोबडं. वेळ उतरण्याआधी काठावरच ठरवून घेतो, पाण्यात कुणाशी वाद घालत नाही. शिट्टी झाल्यावर ‘अजून दोनच मिनिटं’ म्हणणाऱ्याला सगळ्यांत आधी बाहेर बोलावतो आणि त्याचे मोजे मीच चढवतो, कारण त्याला ते जमणार नसतं.