दमा फौजेत लागला की बिडीने? डिसॅबिलिटी पेन्शनबद्दल तुमचं मत काय

कृष्णाकाठ:
प्रकरण माझ्या चुलत्यांचं आहे पण प्रश्न बऱ्याच घरांचा आहे म्हणून धागा काढतोय. काका पायदळात हवालदार होते. भरतीला पळून, छाती मोजून, एक्स-रे काढून फिट म्हणून घेतलेला माणूस. मग लेह झालं, ग्लेशियर झालं, राजस्थानची वाळू झाली. वरच्या पोस्टवर बंकर बंद आणि आत रात्रंदिवस रॉकेलची बुखारी म्हणजे ऊब देणारी शेगडी, सकाळी खाकरलं की काळं पडायचं असं ते सांगतात. २०१९ ला रिटायर होताना मेडिकल बोर्ड झालं, बोर्डाने सीओपीडी लिहिला (श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार, बोलीत यालाही दमाच म्हणतात), २० टक्के अपंगत्व लिहिलं आणि पुढे एका ओळीत लिहिलं की आजार ना सेवेमुळे झाला ना सेवेने वाढला. कारण काय तर स्मोकर. एवढंच. डिसॅबिलिटीचा एक रुपया नाही.

माझं म्हणणं असं की धडधाकट माणूस घेतलात आणि धाप लागणारा परत केलात, तर मधे काय झालं ते सिद्ध करायचं काम तुमचं. आणि हे मी मनाचं सांगत नाहीये, सुप्रीम कोर्टाने २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात हेच धरलंय, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच झाला असं मानायचं, पुराव्याचं ओझं जवानावर नाही, आणि बोर्डाला उलटं म्हणायचं असेल तर कारणं लिहावी लागतील. डिसॅबिलिटी पेन्शनच्या १९८२ च्या नियमांसोबत जी आजारांची यादी होती त्यात ब्राँकायटिस आणि फुप्फुसाचा क्षय हे हवामानाने होणाऱ्या-वाढणाऱ्या आजारांत सरळ लिहिलेले होते. मग एका शब्दावर फाइल बंद कशी होते?

हिशेबनीस:
काकांबद्दल वाईट वाटतं, पण सहमत नाही. फौजेत असताना झाला आणि फौजेमुळे झाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसटीचा ड्रायव्हर, गिरणीतला माणूस, चुलीपुढची बाई, सगळ्यांना सीओपीडी होतो, त्यांना कोण पेन्शन देतं? आणि नियमात स्पष्ट आहे की दारू-तंबाखूच्या अतिरेकाने आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, कारण ते ज्याच्या त्याच्या हातात असतं. हा नियम मला तरी योग्य वाटतो.

दुसरं म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा २०२३ चा अहवाल बघा, रिटायर होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्के डिसॅबिलिटी पेन्शन घेऊन बाहेर पडतात, जवानांत हेच प्रमाण १५ ते १८ टक्के. बीपी, शुगर यावर पेन्शन. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले ते यामुळेच. ज्याचा पाय सुरुंगावर गेला त्याचा आणि याचा पैसा एकाच बजेटमधून येतो. काकांना सर्व्हिस पेन्शन आहे, ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, औषधं मिळतात. मग आणखी कशाला?

फौजीची लेक:
@हिशेबनीस, तुम्ही दिलेला आकडाच जवानाच्या बाजूचा आहे हो! चढायचं, ओझं वाहायचं, पहाऱ्याला उभं राहायचं जवानाने आणि टक्केवारी निम्म्याहून कमी त्याची. गैरफायदा कोण घेतंय ते यातूनच दिसतं, आणि नियम कडक केले की दार आधी कुणाच्या तोंडावर बंद होतं तर ज्याला बोर्डापुढे नीट बोलता येत नाही त्याच्या.

आणि 'आणखी कशाला' याचं उत्तर देते. जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पोरं शाळेत असतात, घराचं कर्ज असतं. पुण्या-मुंबईत सिक्युरिटीची नोकरी हीच बहुतेकांची दुसरी नोकरी, आणि दोन जिने चढून दम लागणाऱ्याला तिथे कोण ठेवतं? सर्व्हिस पेन्शन केलेल्या नोकरीची आहे, ही भरपाई पुढे न करता येणाऱ्या नोकरीची आहे. दोन्ही एकात मोजू नका.

हिशेबच करायचा तर करू. अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेतात त्याला ब्रॉडबँडिंग म्हणतात, त्यात २० टक्के अपंगत्व ५० धरतात. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, म्हणजे ५० ला १५ टक्के. पगार ४०,००० असेल तर महिना ६,००० आणि वर महागाई. त्याच फुप्फुसाचे १,२०,००० पगारवाल्या साहेबाला १८,०००. सातव्या वेतन आयोगाने यावर ठरावीक रक्कम सुचवली होती, १०० टक्क्यांना अधिकारी २७,०००, जेसीओ (सुभेदार वगैरे) १७,०००, जवान १२,०००. म्हणजे ५० टक्क्यांना जवानाचे ६,००० तसेच राहिले असते, साहेबांचे १३,५०० झाले असते. विरोध झाला, आणि २०१७ मध्ये सरकारने परत टक्केवारीच ठेवली. पैसे वाचवायचे होते तर तिथे वाचवायचे होते ना.

हिशेबनीस:
ठरावीक रकमेच्या स्लॅबबद्दल तुमच्याशी सहमत, तो मोडायला नको होता. पण त्याने बिडीचा प्रश्न सुटत नाही.

श्वासवैद्य:
छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे, फौजेत नव्हतो. दोघांचंही थोडं चुकतंय असं वाटतं.

उंचीवर फुप्फुसात पाणी होतं तो तातडीचा आजार, वेळेत खाली आणलं तर बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. ॲलर्जीचा दमा तर काहींचा वर गेल्यावर कमी होतो कारण तिथे धुळीतले किडे कमी. त्यामुळे 'ग्लेशियरला होता म्हणून दमा' हे आपोआप सिद्ध होत नाही. पण थंड कोरड्या हवेत ओझं घेऊन चालणं आणि बंद जागेत रॉकेलची काजळी ओढणं हे श्वासनलिकांना वाईटच, यात वाद नाही. आपल्याकडे आयुष्यात बिडी न ओढलेल्या कितीतरी बायकांना चुलीच्या धुराने सीओपीडी होतो, मी रोज ओपीडीत बघतो. आणि धूम्रपान करणाऱ्याला काजळीपासून सूट मिळत नाही, दोन्हीचा मार एकावर एक बसतो. म्हणून बिडी की बुखारी हा प्रश्नच वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा. नियमात 'सेवेने वाढलेला' असा वेगळा रकाना आहे तो अशाच रुग्णांसाठी, बोर्डाने त्याचा विचार केला का ते विचारा.

खरी गोम पुढे आहे. एक्स-रेवर सुरुवातीचा सीओपीडी दिसत नाही. त्याला स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोरात फुंकायची टेस्ट लागते, पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि एकूण फुंकलेली हवा यांचं गुणोत्तर औषध दिल्यावरही ०.७ च्या खाली राहिलं तर सीओपीडी. वर पाठवायच्या आधी एक आणि खाली आल्यावर एक फुंकून घेतली, दर वर्षी-दोन वर्षांनी परत घेतली, तर हे भांडण कागदावरच मिटेल. दहा-पंधरा मिनिटांची टेस्ट आहे.

जुना सुभेदार:
मी दोन्ही प्रकार बघितलेत. रिटायरमेंट जवळ आली की मेडिकल कॅटेगरी, म्हणजे पूर्ण फिट नसल्याचा शेरा, लावून घ्यायला धडपडणारे बघितले, खोटं कशाला बोलू, राग यायचा. आणि खरोखर छाती गेलेला, पण कॅटेगरी लागली तर प्रमोशन जाईल म्हणून खोकला लपवणाराही बघितला. दुसऱ्या प्रकारचे जास्त. त्यांचे कागदच नसतात, कारण एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गेलेच नाहीत.

कृष्णाकाठ बाळा, काकांना म्हणावं बोर्डाच्या कार्यवाहीची, म्हणजे एएफएमएसएफ-१६ ची प्रत काढा, आरटीआय टाका. सोबत कुठल्या पोस्टिंगला किती महिने याचा उतारा घ्या. पहिल्या अपिलाची मुदत सहा महिने असते, ती गेली असेल तरी उशीर माफ करायचा अर्ज लावता येतो. तिथे नाही झालं तर दुसरं अपील, मग सैन्यदलांचं ट्रिब्युनल, मुंबईत बेंच आहे. फक्त उशिरा गेलं की थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच देतात, तेव्हा आता बसून राहू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत मिळते.

नव्या_भरतीचा:
अग्निवीरांचं काय मग? त्यांना ही मासिक पेन्शन नाहीच, सेवेमुळे अपंगत्व आलं तर एकरकमी, १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. पाय गेला तर दिसतो. फुप्फुस चार वर्षांत थोडं खराब होणार आणि पस्तिशीत कळणार. तेव्हा कुणाकडे जायचं? डॉक्टरसाहेब म्हणतात ती टेस्ट यांना तर पहिली हवी, जाताना पण आणि सोडताना पण.

हिशेबनीस:
टेस्टचा मुद्दा पटला, पूर्ण पटला. स्पायरोमेट्री नाही, पोस्टिंगचा उल्लेख नाही, तर 'सेवेशी संबंध नाही' ही ओळ बोर्डाला लिहूच देऊ नये. पण तंबाखूचा नियम काढा म्हणाल तर नाही, तो राहिलाच पाहिजे. नाहीतर वीस वर्षं रोज दोन बंडल ओढणारा आणि कधीच न ओढणारा यांना एकच रक्कम, हा न ओढणाऱ्यावर अन्याय आहे.

कृष्णाकाठ:
राहू द्या ना नियम, मी काढा म्हणतच नाहीये. नियम अतिरेकाबद्दल आहे, तर अतिरेक दाखवा. रोज किती, किती वर्षं, कधी सोडली, काही तरी लिहा. काकांच्या कागदावर यातलं एक अक्षर नाही, ग्लेशियरचा उल्लेख नाही, बुखारीचा नाही. पोस्टवर पाळीपाळीने एक बिडी चौघांत फिरायची असं ते म्हणतात, तेही कुणी विचारलं नाही.

सुभेदार साहेब, धन्यवाद, आरटीआयचा अर्ज उद्याच टाकतो. एक विचारायचं होतं, पोस्टिंगचा उतारा रेकॉर्ड ऑफिसला थेट मागायचा की जिल्हा कार्यालयामार्फत? आणि काकांच्या सेक्शनमधले दोघं जण आमच्याच तालुक्यात आहेत, बुखारीबद्दल त्यांचं प्रतिज्ञापत्र लावलं तर अपिलात चालतं का?