मदत हवी आहे: काजव्यांच्या फोटोत हॉट पिक्सेल

भंडारदऱ्याला काजवे टिपले. ५० मिमी एफ १.८ लेन्स, ट्रायपॉड, आयएसओ १६००, ३० सेकंदांचे ६० फोटो, सगळे रॉ. गिंप या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये ‘लाइटन’ने (प्रत्येक जागी सगळ्यांत उजळ ठिपका ठेवणारा मोड) एकावर एक चढवले. फोकस उजेड असतानाच लावला होता, तो ठीक आहे. पण हॉट पिक्सेल (लाँग एक्स्पोजरमध्ये सेन्सरमुळे उमटणारे खोटे चमकते ठिपके) इतके साचलेत की खरा काजवा कुठला, कळत नाही.

लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (कॅमेऱ्यातली असे ठिपके काढायची सोय) लावून पाहिलं. प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद अडकतो आणि झाड नेमकं तेव्हाच लखलखतं! आयएसओ ८०० वर काजवे फिके येतात. टॉर्च मारणार नाही, नवा कॅमेरा परवडणार नाही.

पुढच्या वेळी लेन्सला टोपण लावून डार्क फ्रेम, म्हणजे नंतर हॉट पिक्सेल वजा करायला काळे फोटो, घ्यायचा विचार आहे. किती घेऊ? आणि तिथल्या गारव्यातच घ्याव्या लागतील, की घरी घेतलेल्या चालतील?