मदत हवी आहे: कंपनीने कोर्स करवला, आता सोडताना तीन लाख मागायलेत

उद्यमबाग_सीएनसी:
नमस्कार मंडळी. तातडीने सल्ला हवा आहे. कंपनीच्या खर्चाने टूल डिझाइनचा कोर्स केला होता. आता चाकणला चांगली नोकरी लागली म्हणून राजीनामा दिला, तर एचआर म्हणतोय बाँडप्रमाणे तीन लाख भर, नाहीतर रिलीव्हिंग लेटर नाही. चाकणवाले पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हा म्हणायलेत. एवढे पैसे कुठून आणू? असं मागता येतं का? कृपया लवकर सांगा.

अनगोळकर:
बाँड किती वर्षांचा? त्यातली किती झाली? कोर्सची खरी फी किती होती? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

उद्यमबाग_सीएनसी:
तीन वर्षांचा आहे. सही आमच्या बॅचमधल्या सगळ्यांनीच केली होती. मला फक्त एवढंच सांगा, भरावे लागतील का नाही.

मलप्रभाकाठ:
काही भरू नका, सरळ सोडून जा. करार कायद्याचं कलम २७ आहे, कुणालाही कामधंदा करण्यापासून अडवणारा करार रद्दबातल असतो. माझ्या आत्याच्या मुलाने बंगळूरला असंच केलं, कुणी विचारायलाही आलं नाही.

निपाणी_कोर्टरोड:
अहो, अर्धवट सांगू नका, पोरगं अडचणीत येईल. मी वकिली करतो. १४ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात निकाल दिलाय. अट होती की तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरायचे. कर्नाटक हायकोर्टाने ती अट काढून टाकली होती, सुप्रीम कोर्टाने कायम केली. अशी अट कलम २७ च्या मनाईत येत नाही, असं स्पष्ट म्हटलंय. त्यामुळे 'बाँड टिकतच नाही' हे डोक्यातून काढा.

मलप्रभाकाठ:
ती सरकारी बँक होती. ह्यांची कंपनी म्हणजे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं एक शेड असणार. दोन्ही एकच कसं?

निपाणी_कोर्टरोड:
एकच नाही, बरोबर आहे. सरकारी बँकेला भरतीसाठी जाहिरात, परीक्षा सगळं पुन्हा करावं लागतं, हे कोर्टाने लक्षात घेतलं होतं. खाजगी कंपनीला आपला खर्च दाखवावा लागेल. करार कायद्याच्याच कलम ७४ प्रमाणे बाँडवरचा आकडा ही वरची मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. दिल्ली हायकोर्टाचं २०११ चं सिक्पा इंडियाचं प्रकरण वाचा. बाँड दोन लाखांचा, प्रत्यक्ष खर्च ६७,५९५ रुपये. कामगाराने तीनपैकी दोन वर्षं भरली होती, म्हणून कंपनीला एक तृतीयांश म्हणजे २२,५३२ रुपयेच मिळाले. म्हणून विचारतोय, फी किती होती आणि ती कुणी भरली?

उद्यमबाग_सीएनसी:
फी १,३५,००० होती, कंपनीने थेट संस्थेत भरली. पावती कंपनीच्या नावाची आहे, माझ्याकडे झेरॉक्स आहे.

अनगोळकर:
आणि बाँड कधीपासून मोजायचा? कोर्सला घातलं त्या दिवसापासून का कोर्स संपल्यापासून? कागद काढून ती ओळ इथे टाका.

उद्यमबाग_सीएनसी:
बघितलं. "कोर्स यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याच्या तारखेपासून ३६ महिने" अशा अर्थाचं इंग्रजीत आहे. कोर्स संपून १६ महिने झाले. खाली तीन लाखांपुढे "प्रशिक्षण व अनुषंगिक खर्च" असं लिहिलंय. कोर्सच्या काळातला पगारही त्यात धरलाय असं एचआर तोंडी म्हणाला. पण मी तेव्हा दर शनिवार-रविवार शिफ्ट केलीय, व्हीएमसी मशीनवर एकट्याने! तो पगार फुकटचा कसा झाला?

टिळकवाडी_जुना:
मी तीस वर्षं फाउंड्री चालवली, तेव्हा मालकाचीही बाजू ऐका. पोरगं तयार करायचं, मशीनवर हात बसला की ते चाकण नाहीतर होसूरला जातं. दोन सेटिंग बिघडली की ऑर्डर जाते. मग बाँड नाही करायचा तर काय करायचं?

मलप्रभाकाठ:
काका, पगार वाढवायचा. चाकणवाले दीडपट देतात म्हणून जातात पोरं, हौस म्हणून नाही.

टिळकवाडी_जुना:
दीडपट पगारातून खोलीभाडं आणि मेस वजा करून सांगा. इथं आईच्या हातचं जेवून राहतो तो.

चिकोडी_ताई:
दादा, चाकण कशाला, महाराष्ट्र सरकारच्या भरतीचं बघ ना. सीमाभागातल्या ८६५ गावांपैकी कुठल्या गावचा असशील तर पंधरा वर्षांच्या रहिवासाच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. माझ्या दिराने केलाय.

अनगोळकर:
ताई, त्याच्यासाठी वेगळा धागा काढा. इथं पैशाचा प्रश्न आहे.

उद्यमबाग_सीएनसी:
अजून एक. बाँडच्या वेळी त्यांनी एक चेक घेतलाय. सही माझी, तारीख आणि रक्कम कोरी. आणि डिप्लोमाची ओरिजिनल मार्क्स कार्डं त्यांच्याच कपाटात आहेत.

अनगोळकर:
हे आत्ता सांगताय होय!

मलप्रभाकाठ:
उद्याच बँकेत जाऊन स्टॉप पेमेंट द्या.

निपाणी_कोर्टरोड:
नुसतं स्टॉप पेमेंट देऊन सुटका नाही. त्या कारणाने चेक परत आला तरी कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याचा गुन्हा, लागू शकतं. कोरा चेक असला तरी सही तुमची आहे. बचाव एवढाच की भरलेली रक्कम खऱ्या देण्याएवढी नाही, आणि तो बचाव आधीपासून कागदावर असायला हवा. म्हणून चेक बँकेत पडायच्या आत ईमेल करा: फीची पावती अमुक, १६ महिने सेवा झाली, उरलेल्या काळाचा हिस्सा भरायला तयार आहे, चेकमध्ये माझ्या संमतीशिवाय रक्कम भरू नये, मार्क्स कार्डं परत द्यावीत. कार्डं अडकवून ठेवायचा हक्क बाँडने मिळत नाही. चेक वटला नाही आणि कायदेशीर नोटीस आली, तर पैसे भरायला १५ दिवसच मिळतात. नोटीस घेऊन बसू नका.

चिकोडी_ताई:
आणि पीएफची काळजी करू नको, तो असा जप्त करता येत नाही.

उद्यमबाग_सीएनसी:
मग हिशेब किती बसतो? उरले २० महिने.

अनगोळकर:
१,३५,००० भागिले ३६, महिन्याला ३,७५०. गुणिले २०, म्हणजे ७५,०००. तीन लाख कुठे आणि हे कुठे.

टिळकवाडी_जुना:
हे मला पटतं. मी मालक असतो तर ७५ वर मान्य झालो असतो, दोन हप्त्यांत. कोर्टात वर्षानुवर्षं घालवायला कुणाला वेळ आहे? पण एचआरशी बोलू नका, थेट मालकाला भेटा. आणि जायच्या आधी तुमच्या मशीनवर दुसरा पोरगा तयार करून देतो म्हणा, त्याला त्याचीच काळजी असते.

उद्यमबाग_सीएनसी:
काल ईमेल टाकला. आज मालकांनी स्वतः बोलावलं. मार्क्स कार्डं लगेच दिली. ७५ ला हो म्हणाले नाहीत, ९० म्हणायलेत. चेक पैसे दिल्यावर. शनिवारी परत बसायचं आहे. नव्या मुलाला प्रोग्रॅम शिकवायचं मी कबूल केलंय. चाकणवाल्यांना एक आठवडा पुढे ढकलायला सांगितलं, ते तयार आहेत.

निपाणी_कोर्टरोड:
पैसे रोख देऊ नका, खात्यावरून द्या. समझोता लेटरहेडवर घ्या: "सर्व देणी पूर्ण, चेक क्रमांक अमुक परत, पुढे काही मागणी नाही." रिलीव्हिंग लेटरही त्याच दिवशी हातात घ्या. आणि बाँडवर वडिलांची सही आहे का? ती जामीन म्हणून का साक्षीदार म्हणून?

उद्यमबाग_सीएनसी:
जामीन म्हणून. साक्षीला मामा आहेत.

निपाणी_कोर्टरोड:
मग समझोत्यात वडिलांचंही नाव घाला, जामीन रद्द झाल्याचं लिहून घ्या. शनिवारी त्यांनाही सोबत न्या.