मदत हवी आहे: दुकानातल्या मुलाला नको ते बोललो, आता लस आणायला कोणत्या तोंडाने जायचं?

रानजाई:

नमस्कार मंडळी. प्रश्न कोंबड्यांचा आहे आणि माणसांचाही. दुसरा भाग लिहायला जरा लाज वाटतेय, पण ज्यांना हा अनुभव आहे ते इथेच भेटतील.

आम्ही कोथरूडला राहतो. पौडच्या पुढे सासऱ्यांची थोडी जागा आहे, दोन खोल्यांचं घर आहे. निवृत्तीनंतर ते तिथेच जास्त असतात. डिसेंबरात त्यांनी मनावर घेतलं की पंचवीस गावरान-छाप कोंबड्या पाळायच्या. वाटेवर शेतीसामानाचं एक दुकान आहे, बियाणं, खत, पशुखाद्य ठेवणारं. तिथे पिल्लांचं बुकिंगही घेतात. गिरिराजा जातीची २५ पिल्लं बुक केली. काउंटरवरचा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा. म्हणाला, मंगळवारी येतील.

मंगळवारी आली नाहीत. शुक्रवारी फोन केला तर म्हणाला, उद्या. शनिवारी नवरा आणि मी चांदणी चौकातली गर्दी पार करून पोचलो तेव्हा पिल्लं आलेली होती, पण नवऱ्याचा पारा आधीच चढलेला. त्याने विचारलं, यात माद्या किती? मुलगा म्हणाला, मिक्स असतात काका, आत्ता सांगता येत नाही. झालं. "पैसे घेताना सगळं कळतं तुम्हाला" इथून सुरू झालं ते वाढतच गेलं. मुलगा खाली मान घालून पिल्लं मोजत होता. मध्ये मोजणी चुकली तर गप्प बसून पहिल्यापासून मोजली. डबा बांधून देताना एवढंच म्हणाला, "काका, पिवळा बल्बच लावा बरं का." नवरा म्हणाला, "मला शिकवू नकोस, इंजिनियर आहे मी."

मी शेजारीच होते. मोबाइल बघत होते. हे मुद्दाम लिहितेय.

घरी एलईडी बल्ब लावला. नऊ वॅटचा, चांगला लख्ख. पहिल्या रात्री चार पिल्लं गेली. सकाळी नवऱ्याने दुकानात फोन करून आजारी माल दिला म्हणून त्या मुलाला परत झाडलं, पैसे परत मागितले. दुसऱ्या रात्री सात गेली. तिसऱ्या दिवशी वस्तीवरच्या मावशी आल्या, बल्बखाली हात धरला आणि म्हणाल्या, "अगं, ह्यो दिवा तर गार हाय." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शंभर वॅटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब लावल्यापासून एकही पिल्लू गेलेलं नाही. चौदा उरली आहेत.

आता अडचण अशी की पाचव्या ते सातव्या दिवसात लासोटाची, म्हणजे राणीखेत रोगावरची लस द्यायची म्हणतात आणि जवळपास ती त्याच दुकानातल्या फ्रिजमध्ये मिळते. आज बुधवार, म्हणजे पाचवा दिवस. अकरा पिल्लं नवीनही हवी आहेत. नवरा म्हणतो, दुसरीकडून आणू. सासरे म्हणतात, तिथेच जायचं. मला सासऱ्यांचं पटतंय, पण जाऊन बोलायचं काय? आणि मंगळवारची शनिवार का झाली, माद्या का सांगता येत नाहीत, हे कुणी नीट समजावेल का? म्हणजे पुढच्या वेळी तरी वेड्यासारखं भांडणार नाही.

पर्वतीपायथा:

पुण्यात गिऱ्हाईकाने दुकानदाराची माफी मागायची? संस्कृती बुडाली.

गंमत बाजूला ठेवतो. जाल तेव्हा १ ते ४ च्या मध्ये जाऊ नका. माफीसुद्धा ऐकून घेणार नाहीत.

डोंगरमाथा:

"दुसरीकडून आणू" याला अर्थ नाही. अंड्यांचे भाव जाहीर करणारी एनईसीसी पुण्यातच बसलीय, डॉ. बी. व्ही. रावांच्या वेंकटेश्वरा हॅचरीजचं मुख्य ऑफिसही इथेच. पुण्यात पिल्लं कुठूनही मिळतील. लासलगावात कांदा मिळाला तर त्याचं कौतुक काय? आपल्याला पंचवीस पिल्लं मन लावून मोजून देणारा माणूस मात्र एकेका दुकानात एकच असतो.

जुना खडकीकर:

ताई, मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे थोडं लांबण लावतो. सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आपल्या खडकीलाच आहे, तिथेही लोक "आज का नाही" म्हणून वाद घालताना मी बघितलेत.

कोंबडीचं अंडं २१ दिवसांत उबतं. मशीनवर पहिले १८ दिवस सेटरमध्ये आणि शेवटचे तीन हॅचरमध्ये. म्हणजे तुम्हाला शनिवारी मिळालेलं पिल्लू कधी निघणार हे तीन आठवड्यांपूर्वी अंडी भरली तेव्हाच ठरलं होतं. त्यातही सगळी अंडी फुटत नाहीत. घाणा कमी निघाला की मोठ्या ऑर्डरी आधी जातात आणि पंचवीसवाला पुढच्या खेपेला ढकलला जातो. तुमची अंडी लवकर फोडा असं सांगायची सोय काउंटरवरच्या पोराकडे नसते.

माद्यांचं म्हणाल तर एक दिवसाच्या पिल्लाचा नर-मादी ओळखणं हे शिकलेल्या हाताचं काम आहे, शेपटीखाली बघून करतात. अंड्यांच्या मोठ्या फार्मला जाणाऱ्या पिल्लांचं ते होतं. गिरिराजा, वनराजा असली परसातली पिल्लं मिश्रच मिळतात. अर्धे नर निघणार हे धरूनच बुकिंग करायचं. गिरिराजा बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने तयार केली, वनराजा हैदराबादची. ह्या सुधारित जाती आहेत, गावरान नव्हेत, त्यामुळे "गावरान-छाप" हा तुमचा शब्द मला आवडला.

पिल्लं का गेली ते तुम्ही लिहिलंच आहे. निघालेल्या पिल्लाच्या पोटात अंड्याचा बलक ओढून घेतलेला असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं. म्हणून तर डब्यातून प्रवास जमतो. पण ऊब त्याला स्वतःची स्वतः राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास लागते, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत आणायची. ढोबळ हिशोब पिल्लामागे दोन वॅटचा, थंडीत त्याहून जास्त. जानेवारीत मुळशीकडे रात्री काय गारठा असतो! थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढली तर गार पडलीत. चोच उघडी टाकून कडेला गेली तर उकडतंय. सगळी एकाच कोपऱ्यात गेली तर वारा लागतोय. सगळीकडे पांगून किलबिलत असली की तुम्ही निवांत चहा घ्या.

उद्या गुरुवार. तुमच्याकडे महावितरण देखभालीला लाईट घालवत असेल तर आजच बाटल्यांत गरम पाणी भरून गोणपाटात गुंडाळून ठेवायची तयारी करा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, तिच्या विषारी वायूने पिल्लं जातात आणि माणसंही.

लस. राणीखेत म्हणजे आपली मानमोडी, तिच्यासाठी लासोटा. डोळ्यात एक थेंब. कुपी शंभर डोसांची वगैरे येते, चौदासाठी वेगळी मिळायची नाही. वस्तीवर अजून कुणाची पिल्लं असतील तर एकाच दिवशी उरकून घ्या, कारण कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. आणताना बर्फात आणा. गारठलेल्या, पेंगणाऱ्या पिल्लाला देऊ नका. आधी सगळी टुणटुणीत होऊ देत, सातव्याऐवजी आठवा दिवस झाला तर काही बिघडत नाही. गंबोरो हा दुसरा रोग, त्याची लस चौदाव्या दिवशी.

अकरा नवीन पिल्लं मात्र आणलीत तर लगेच ह्यांच्यात सोडू नका. मोठी लहानांना टोचतात. वेगळा बल्ब, वेगळं खोकं.

तूसभुसा:

मी असल्याच दुकानात काउंटरला आहे, सासवडकडं. तुमच्या दुकानाशी संबंध नाही. पण तो मुलगा म्हणजे मीच समजा.

आमच्याकडं पिल्लांचा टेम्पो पहाटे येतो. एका डब्यात चार खण, खणात पंचवीस, म्हणजे शंभर. आता कुणी दहा सांगतो, कुणी पंधरा, कुणी पंचवीस. शंभराचा डबा भरल्याशिवाय वरून माल येत नाही. बुकिंग ऐंशीला अडकलं की मी फोन करून करून उरलेल्या वीस पिल्लांसाठी गिऱ्हाइकं तयार करतो. त्यात दोघं ऐनवेळी नको म्हणतात. ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्याला फक्त मंगळवार दिसतो.

सकाळी नऊला घेऊन जा म्हटलं की लोक दोनला येतात. तोवर ऊब आम्हीच देत बसतो. मग दोनला आलेला माणूस विचारतो, पिल्लं सुस्त का? काही जण लहान पोरांना घेऊन येतात, पोरं डब्यात हात घालतात, एक पिल्लू उचलतात, दाबतात. नको म्हटलं तर आईबापाला राग. २०२१ च्या जानेवारीत परभणीत बर्ड फ्लू निघाला तेव्हापासून आमचे मालक डब्याला कुणाला हात लावू देत नाहीत. बोलणी मला बसतात.

मोजताना बोलू नका, ही एकच मागणी करीन. किलबिल चालू असते, पिल्लं एकमेकांच्या खालून पळतात, आपण पाच-पाचनी मोजत असतो. कुणीतरी मध्येच विचारतं युरिया काय भाव. संपलं.

आता खरं सांगतो, राग मानू नका. "ए, पंचवीस दे" म्हणणाऱ्याला आणि "दादा, पंचवीस द्या" म्हणणाऱ्याला भाव एकच. पिल्लं पण त्याच डब्यातली. पण दुसऱ्याला मी निवडून देतो. बेंबी सुकलेली, पाय सरळ, डोळे टक्क उघडे, हातात घेतलं की धडपडणारं. आणि त्याला चार गोष्टी सांगतो. पहिलं पाणी गुळाचं, एकेकाची चोच बुडवून पाजा. पाण्याच्या भांड्यात खडे टाका नायतर बुडून मरतात. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, खाली तूस टाका. पहिले काही तास मक्याचा भरडा, मग स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. पहिल्याला पण सांगतो, पण एकदा. तो ऐकत नाही, मग दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. तुमच्या मिस्टरांना त्यानं बल्बचं सांगितलं ना? शिव्या खाऊन पण सांगितलं. मी असतो तर सांगितलं नसतं.

जा ताई. उशीर करू नका.

कर्वेपुतळा:

सगळं मान्य, पण दुकानाचीही थोडी चूक आहेच. पिल्लं विकता तर एक छापील चिठ्ठी द्यायला काय होतं? बल्ब कोणता, पाणी कसं, लस कधी. तोंडी सांगितलेलं किती जण लक्षात ठेवतात? खताच्या गोणीवर सूचना असतात, जिवंत पिल्लाबरोबर काहीच नाही.

आणि माफी मागायची तर ज्याने शिव्या दिल्या त्याने मागावी. बायकोला पाठवायची पुणेरी पद्धत नको.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. कर्वेपुतळा, तुमचा शेवटचा परिच्छेद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. खडकीकर काका, बाटल्यांची युक्ती काल कामी आली, दुपारी साडेतीनपर्यंत लाईट नव्हती. तूसभुसा, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांनी दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा नवरा आत निघून गेला.

आज सकाळी आम्ही तिघं गेलो. नवऱ्याने गाडीत काहीतरी वाक्यं जुळवली होती. दुकानात गेल्यावर ती सगळी विसरला आणि म्हणाला, "दादा, बल्ब एलईडी होता." एवढंच. मुलाने वर बघितलं आणि विचारलं, "किती राहिली?" चौदा, म्हटलं. "चौदा म्हंजे बरीच वाचली की." पैसे परत मागितल्याचा विषय त्याने काढला नाही, आम्हीच काढला, माफी तेव्हा कुठे नीट मागून झाली. तो नुसता "असू द्या" म्हणाला आणि फ्रिजकडे गेला. खरं तर त्याला अवघडल्यासारखं झालं होतं. मालक आतून ऐकत होते.

लस थर्मासमध्ये बर्फ घालून दिली. वस्तीवरच्या मावशींची वीस पिल्लं आहेत, त्यांनाही उद्याच देणार. थेंब कसा सोडायचा ते त्याने पाण्याचा ड्रॉपर घेऊन स्वतःच्या तळहातावर दाखवलं. नवरा ऐकत होता, मध्ये बोलला नाही. अकरा पिल्लांचं बुकिंग केलं, पुढच्या खेपेला. वार विचारला नाही, आला की फोन करतो म्हणाला.

चिठ्ठीचं मी बोलले तर मालक म्हणाले, छापून आणायला वेळ नाही, तुम्हीच काय ते लिहा. नवऱ्याने खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि मार्करने पाटी लिहिली. आता पिल्लांच्या डब्यांच्या वर टांगलीय:

"पिल्लांना पिवळा बल्ब लागतो. एलईडी लावून पिल्ले गेल्यास दुकानात फोन करू नये. आम्ही करून पाहिला आहे. — एक इंजिनियर."

पर्वतीपायथा:

संस्कृती वाचली. फोटो टाका.

रानजाई:

काढायला गेले होते, पण तेव्हा तो कुणालातरी पन्नास मोजून देत होता. गुपचूप बाहेर आले.