तिखट राजमा डिप घरी करायचंय, आपली कांदा-लसूण चटणी घालून जमेल का?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी आमच्यात वीसेक माणसं येणारेत, भाच्याचे कॉलेजचे मित्र आणि शेजारची दोन-तीन घरं, आणि पोरांनी हट्ट धरलाय की चिप्सबरोबर ते मेक्सिकन टाइपचं तिखट बीन डिप पायजेच. बाहेर मिळतं ते मी खाल्लंय, त्यात केचप घालत असणार, गोडूस लागतं आणि तिखट म्हणून वरनं नुसते चिली फ्लेक्स भुरभुरलेले. मला घरी करायचंय, झणझणीत पायजे पण राजम्याची चव पण कळली पायजे. घरात यंदाची कांदा-लसूण चटणी आहे, एप्रिलमध्ये कांडून आणलेली, ती घातली तर चालेल का, की मग ती राजम्याची उसळच होईल वाटलेली?

राजमा कुठला घ्यायचा ते पण सांगा, डब्यातला आणू का सुका? आणि जावेनं मागं केलं होतं ते करताना मस्त मऊ होतं पण थंड झाल्यावर इतकं घट्ट झालं की चिप्स त्यात घातली की मोडायचीच, ते कशानं होतं? शुक्रवारी रात्री करून ठेवलं तर चालतं का? शनिवारी सकाळी मला बाकी स्वयंपाक आहे.

धान्यकट्टा

ताई, आमचं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत कडधान्याचं काम आहे म्हणून राजम्याचं तेवढं सांगतो, मसाल्याचं जाणकार सांगतीलच. तिकडं या डिपला पिंटो बीन वापरतात, फिकट रंगावर तपकिरी ठिपके असलेला, शिजला की लोण्यागत होतो. आपल्या बाजारात त्याच्या सगळ्यात जवळचा म्हणजे चित्रा राजमा. जम्मूचा बारीक लाल पण चालतो, रंग गडद येतो. आणि मला स्वतःला विचाराल तर वाघ्या घेवडा घ्या, साताऱ्याच्या कोरेगाव भागातला, अंगावर लाल पट्टे असतात, २०१६ साली त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. चवीला जरा गोडसर आणि शिजायला चांगला, आपल्या जवळच्या जिल्ह्यातलं पीक आहे तर ते सोडून डब्यातलं कशाला आणायचं. डबा अगदीच वेळ नसेल तर आणा, पण त्यातलं पाणी ओतून राजमा धुऊन घ्या, मीठ लई असतं.

घेताना मूठभर हातात घेऊन बघा. दाण्याला चकाकी पायजे. सुरकुतलेला, काळपट पडलेला, चिरा गेलेला दाणा म्हणजे जुना माल, त्याला कितीही शिट्ट्या द्या, कातडं आणि मधला गर वेगवेगळाच लागणार आणि डिप रवाळ होणार. दुकानदाराला सरळ विचारा की यंदाचा आहे का, विचारण्यात काय लाज नाही. आणि एक, घरी बोअरचं पाणी असेल तर भिजवायला आणि शिजवायला नळाचं किंवा फिल्टरचं घ्या. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं, त्यानं कातडं नरम पडत नाही. पुष्कळ लोक राजम्याला दोष देतात, खरं कारण पाणी असतं.

वीस जणांना अर्धा किलो सुका भरपूर झाला, शिजून किलो-सव्वा किलो होतो.

चटणीवाली मावशी

अगं कांदा-लसूण चटणी घालूनच कर, त्याच्याइतकं या डिपला शोभणारं दुसरं काय नाही. विचार कर की त्यांच्या डिपमध्ये असतं काय, तर मिरची, जिरं, लसूण, कांदा, आणि थोडा धुराचा वास, म्हणजे ती चिपोटले मिरची, पिकलेली हॅलपिन्यो धुरावर वाळवतात ती. आपल्या चटणीत यातलं बहुतेक सगळं आहेच, वर खोबरं, तीळ, धणे आणि खडा मसाला. ब्याडगी रंग देते, संकेश्वरी चवीचं तिखट देते, आणि ज्यांना जास्त पायजे ते लवंगी मिसळतात. तुझ्या चटणीत लवंगी किती पडलीय ते तुलाच ठाऊक, त्या हिशोबानं घे.

उसळ होऊ नये म्हणून दोन गोष्टी बघ. एक, गरम मसाला वेगळा घालू नको, चटणीतलाच पुरतो. दुसरं, जिरं भाजून जाडसर कुटून सढळ हातानं घाल, अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे, आणि शेवटी लिंबू. भाजलेलं जिरं आणि लिंबू ही त्याची ओळख आहे, तिथं चव उसळीपासून वेगळी होते.

आता मुख्य काम फोडणीचं, तिथं घाई करायची नाही. अर्धी वाटी तेल, शेंगतेल असलं तर उत्तमच. दोन मोठे कांदे बारीक चिरून चांगले तांबूस होईस्तोवर परतायचे, मग दहा-बारा लसूण पाकळ्या ठेचून. लसणाचा कच्चा वास गेला की गॅस बंद. हो, बंदच कर. मग चटणी घाल, अर्ध्या किलोला चार मोठे चमचे. तेल तापलेलं असतं तेवढ्यावर चटणी फुलते, कडेनं बारीक फेस येतो आणि रंग विटकरीवरनं गडद लाल होतो. तो वास आला की लगेच राजमा शिजवलेलं पाणी पळीभर ओत, चर्र झालं पायजे. मग गॅस परत लावून मंद आचेवर ठेव, कडेनं लाल तेल सुटलेलं दिसलं की झालं. गॅस चालू ठेवून चटणी टाकलीस तर ती बघता बघता करपते आणि करपलेली चटणी कडू होते, मग गूळ घाला, टोमॅटो घाला, काय उपयोग होत नाही. आणि चटणी वरनं कच्चीच कालवली तर तिखट घशाला लागतं, चव काय येत नाही. मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून ही सगळी खटपट.

यातलं लाल तेल दोन चमचे बाजूला काढून ठेव, वाढताना वरनं सोडायला, मिसळीच्या कटासारखं. बाकीच्यात राजमा घालून डावानं नाहीतर रवीनं घोट. मिक्सर लावायचाच असेल तर अर्धा राजमा मिक्सरला आणि अर्धा हातानं, सगळाच मिक्सरला लावला की चिकट होतो. मीठ एकदम शेवटी, कारण चटणीत खडं मीठ असतंच.

रंकाळाकाठ

मावशी केवढं व्यवस्थित सांगितलंत, गॅस बंद करायचं मला माहीतच नव्हतं. धान्यकट्टा दादा, वाघ्या घेवडाच बघते. धुराच्या वासासाठी काय करू, चिपोटले इथं कुठं शोधत बसू?

चटणीवाली मावशी

शोधू नको. दोन टोमॅटो आणि चार हिरव्या मिरच्या गॅसवर जाळीवर धरून साल काळी होईस्तोवर भाज, चूल असेल तर निखाऱ्यात. साल ओबडधोबड काढ, जरा काळं राहिलं तर राहू दे, आणि ठेचून डिपमध्ये घाल. पण राजमा पूर्ण शिजल्यावर. आधी टोमॅटो नाहीतर चिंच-लिंबू असलं आंबट पडलं की राजमा शिजता शिजत नाही.

भूक लागली भावा

मस्त धागा. आमच्यात तो इलेक्ट्रिक स्लो कुकर आहे, त्यात रात्री राजमा न भिजवता टाकायचा लो वर, सकाळी तयार, असं व्हिडिओत दाखवतात. गॅसपाशी उभं राहायला नको. आणि वर प्रोसेस्ड चीज किसून मेयोनीज पण मारा, पोरं बोटं चाटतील.

प्रयोगशाळा

भावा तो स्लो कुकरचा सल्ला कृपा करून कुणी घेऊ नका, हे मी अगदी कळकळीनं लिहितोय. फूड सायन्स शिकलोय म्हणून सांगतो. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, जोरात उलट्या, मग जुलाब सुरू होऊ शकतात. उकळीच्या तापमानाला ते निकामी होतं, पण स्लो कुकर लो वर ८० अंशाच्या आसपास फिरत राहतो, तेवढ्यानं ते मरत नाही, उलट अशा अर्धवट तापवलेल्या राजम्याचा त्रास कच्च्यापेक्षाही जास्त होऊ शकतो. दाणा बाहेरनं मऊ लागतो म्हणून माणूस फसतो. वीस जणांचं जेवण आहे, त्यात म्हातारी माणसं, लहान पोरं असणार.

ताई तुम्ही असं करा. राजमा ८ ते १० तास भिजवा, भरपूर पाण्यात, दोन लिटरला दोन मोठे चमचे मीठ घालून. मिठानं राजमा शिजत नाही असं म्हणतात ते भिजवण्याला लागू होत नाही, उलट मिठातला सोडियम कातड्यातल्या कॅल्शियमची जागा घेतो आणि कातडं नरम होतं, दाणे फुटत पण नाहीत. ते पाणी टाकून द्या, राजमा धुवा, नवीन पाण्यात उघड्या भांड्यात खळखळून उकळा. १० मिनिटं हा कमीत कमी वेळ, अर्धा तास उकळला तर आणखी निर्धास्त. मग कुकरला पाच-सहा शिट्ट्या आणि मंद आचेवर १५ मिनिटं. कुकरमध्ये तापमान १०० च्या बरंच वर जातं त्यामुळं मऊ व्हायला पण तोच बरा. दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबला की पार पसरला पायजे, मधे कणी लागता कामा नये. वाघ्या घेवडा पण याच जातीतला, त्यालाही हेच सगळं करायचं.

घट्ट होण्याचं कारण स्टार्च. शिजताना राजम्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि गार होताना परत आवळतो, फ्रिजमध्ये तर जास्तच. म्हणून गॅसवरनं उतरवताना ते तुम्हाला पायजे त्यापेक्षा पातळ दिसलं पायजे, डावातनं ओघळेल इतपत. शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, वाटीभर बाजूला ठेवा, त्यात चव असते आणि नंतर सैल करायला तेच वापरा.

भूक लागली भावा

बरं झालं सांगितलंस, घरी पण सांगतो. मग चीजचं काय?

चटणीवाली मावशी

चीज घाल की, पण डिपमध्ये कालवू नको, वाढताना वरनं किस. कालवलं की फोडणीची चव दबते. मेयोनीज मात्र मला या पदार्थात अजिबात पटत नाही, ते गोडूस तुपकट लागतं आणि उन्हाळ्यात बाहेर ठेवायचं म्हणजे जोखीमच. ते लोक सोबत सावर क्रीम देतात, त्याला आपला चक्का आहे ना. दही फडक्यात बांधून तीन-चार तास टांगायचं, चक्क्यात मीठ आणि दोन चमचे साय फेटायची, झालं. तिखट लागलं की पाणी पिऊन काय होत नाही, दुधा-दह्यानंच जिभेची आग उतरते, त्यामुळं पाव्हणे असताना चक्का पायजेच.

पोरांसाठी चटणी घालायच्या आधीच वाटीभर राजमा बाजूला घोटून ठेव, त्यात नुसतं जिरं, मीठ, लिंबू. सगळ्यांना आपल्यासारखं तिखट सोसत नाही.

रंकाळाकाठ

चक्क्याचं लई आवडलं. शुक्रवारचं सांगा की कुणीतरी, रात्री करून ठेवू का?

प्रयोगशाळा

ठेवा, उलट दुसऱ्या दिवशी चव मुरते. फक्त पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवू नका. गार व्हायला पसरट ताटात किंवा दोन-तीन लहान डब्यांत काढा, खोल पातेल्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच पायजे असतं. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस टिकतं, जास्त झालं तर लहान डबे करून फ्रीजरला टाका. शनिवारी राखून ठेवलेलं पाणी घालून पूर्ण वाफ येईस्तोवर गरम करा, लिंबू त्यानंतर पिळा. ते पाणी पण रात्री फ्रिजमध्येच ठेवायचं. आणि मावशींनी सांगितलेलं लाल तेल, त्यात कांदा-लसूण आहे, ते पण बाहेर बाटलीत ठेवायचं नाही. तेलाखाली हवा पोचत नाही, अशा लसणाच्या तेलात बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या विषबाधेचा धोका असतो.

धान्यकट्टा

ताई, चिप्सबरोबर ज्वारीची कडक भाकरी पण ठेवा. पातळ थापून मंद तव्यावर कडक करायची आणि हातानं मोडून ताटात. मक्याच्या चिप्सपेक्षा जाड असते त्यामुळं डिप उचलायला मोडत नाही, आणि ज्वारीबरोबर कांदा-लसणाची चव बसते पण चांगली. बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी शेजारी ठेवल्या की झालं.

मिरची पोर्तुगीजांबरोबर अमेरिका खंडातनं आपल्याकडं आली आणि राजम्याचं मूळ पण तिकडचंच, त्यामुळं कोल्हापुरी चटणी घातली म्हणून मेक्सिकन राहिलं नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं तर, गुरुवारी रात्री राजमा भिजत, शुक्रवारी सकाळी उकळून कुकरला आणि संध्याकाळी फोडणी, दही पण शुक्रवारीच टांगते, फ्रिजमध्ये. दादा, वाघ्या घेवडा तुमच्याकडं लक्ष्मीपुरीत आत्ता आहे का, की आधी सांगून ठेवावं लागेल?

धान्यकट्टा

आहे ताई, यंदाचाच आहे. बुधवारपर्यंत या, निवडून ठेवतो.