शब्दचर्चा : संगीतातला 'ब्रेक' आणि 'आमेन ब्रेक'

प्रश्न

पाश्चात्त्य संगीतावरचा एक लेख मराठीत करते आहे. त्यात 'आमेन ब्रेक' हा शब्द सारखा येतो. मी आधी 'तालविराम' असं योजलं होतं. पण पुढे वाचावं तर लोक या विरामावर नाचतात, तो कापून पुन्हा जोडतात, त्यातून नवनवे संगीतप्रकार निघतात! विरामावर नाचणार कसं? नेमका अर्थ काय आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

प्रतिसाद

'तालविराम' नको, अर्थ नेमका उलटा होतो. ब्रेकमध्ये ताल थांबत नाही, ताल सोडून बाकी सगळं थांबतं. गायक गप्प, गिटार गप्प, ट्रम्पेट-सॅक्सोफोन गप्प, आणि ड्रमवादक एकटा गाणं पुढे नेत राहतो. चार-आठ आवर्तनं झाली की बाकीचे पुन्हा येऊन मिळतात. खंड पडतो तो सुरांत.

हा सोलोसुद्धा नव्हे. सोलोत वादक आपली तयारी दाखवतो. ब्रेकमध्ये तो आधीपासून चाललेली चालच धरून ठेवतो, फक्त आता ती उघडी ऐकू येते. अमेरिकी गायक जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' (१९७०) या रेकॉर्डवर हा फरक खुद्द ब्राउनच्या तोंडून ऐकायला मिळतो. ड्रमर क्लाइड स्टबलफील्डला तो वाजवता वाजवता सांगतो की सोलो करू नकोस, आहे तेच धरून ठेव. मग इशारा होतो, बाकीचे थांबतात आणि स्टबलफील्डचा तो ठेका एकटा उरतो. पुढे हिप-हॉपच्या कितीतरी गाण्यांखाली तोच वाजला.

या जागेला स्वतंत्र महत्त्व आलं ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. जमैकाहून आलेला डीजे कूल हर्क याने पाहिलं की नाचणारी पोरं गाणंभर कडेला उभी राहतात आणि ब्रेक आला की मैदानात उतरतात. मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावू लागला. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. काही सेकंदांचा तुकडा असा हवा तितका लांबवता येऊ लागला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत त्याच्या बहिणीने ठेवलेली पार्टी ही हिप-हॉपची जन्मतारीख मानली जाते. ब्रेकवर नाचणारे ते ब्रेकर आणि त्यांचा नाच तो ब्रेकडान्स. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात गॅदरिंगमध्ये आणि गणेशोत्सवाच्या मांडवात हा शब्द पोचला, तेव्हा हातपाय मोडल्यासारखे हलवतात म्हणून 'ब्रेक' असा समज पुष्कळांचा झाला. तो अजूनही आहे.

आता आमेन. वॉशिंग्टन डीसीच्या 'द विन्स्टन्स' या बँडने १९६९ साली अटलांटात 'कलर हिम फादर' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. ते गाजलं आणि बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सरला त्याच्या रचनेसाठी ग्रॅमी मिळालं. त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काहीतरी हवं म्हणून चर्चमधल्या एका गीताच्या चालीवर बिनशब्दांची धून वाजवली, 'आमेन, ब्रदर'. साधारण दीड मिनिटावर सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमर चार बार एकटा वाजवतो. जेमतेम सात सेकंद. 'आमेन ब्रेक' म्हणतात तो हाच.

तो वाजवलाय कसा हे मात्रा मोजत ऐकण्यासारखं आहे. चार मात्रांचा एक बार, म्हणजे एकूण सोळा मात्रा. तीनतालाइतक्याच भरतात, पण सम-खालीचा हिशेब इथे लावू नका, नुसतं मोजा. पहिले दोन बार सारखे : दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा (ड्रमसंचातल्या कडक, चढ्या आवाजाच्या ड्रमचा) ठळक ठोका, आणि त्यांच्या मधल्या जागेत हलके, जवळजवळ पुटपुटल्यासारखे आघात. कान इतक्यात सरावतो. तिसऱ्या बारमध्ये शेवटचा ठोका, म्हणजे बाराव्या मात्रेवरचा, कोलमन अर्धी मात्रा उशिरा टाकतो. त्याची टोचणी ओसरायच्या आत चौथा बार सुरू होतो आणि त्याची पहिली मात्राच रिकामी! पाय जिथे पडणार तिथे जमीन नाही. मग दोन-चार आडवे आघात आणि सोळा मात्रा पुऱ्या व्हायच्या आधीच क्रॅशची मोठी झांज. एवढ्याशा अवकाशात स्थैर्य आहे, चकवा आहे आणि सुटकाही आहे. म्हणूनच तो सलग फिरवत ठेवला तरी कंटाळवाणा होत नाही.

१९८६ साली 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या डीजेंसाठीच्या संकलनात ही धून आली आणि सगळ्यांच्या हाती लागली. त्याच सुमाराला सॅम्पलर स्वस्त होत होते. सॅम्पलर म्हणजे ध्वनीचा तुकडा साठवून कळ दाबल्यावर हवा तसा वाजवणारं यंत्र. त्यांची स्मृती तुटपुंजी. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये सगळं मिळून दहा सेकंद मावत. त्यामुळे तुकडे बारीक करणं भागच होतं. अमेरिकेत हा ब्रेक लय उतरवून रॅपच्या खाली ठेवला गेला. 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' (१९८८) या रॅप गाण्यात तो तसा ऐकू येतो. इंग्लंडमध्ये उलट झालं. नव्वदीच्या सुरुवातीला तिथल्या पोरांनी तो मिनिटाला १६० ठोक्यांवर पळवला, एकेक आघात सुटा केला आणि मनाला येईल त्या क्रमाने लावला. खाली जमैकन साउंड सिस्टिमचा, म्हणजे तिथल्या नाचाच्या कार्यक्रमांतल्या मोठाल्या स्पीकरांचा, संथ, जडशीळ बेस (खर्जातला सूर). वर धावपळ आणि खाली निम्म्या लयीचा डौल, असं ते जंगल संगीत. त्यातून ड्रम अँड बेस आला. ब्रेककोअर हा आणखी एक प्रकार तर या ब्रेकची चाळणच करतो.

दुसरा प्रतिसाद

मी तबला वाजवतो. मग सरळ 'ठेका' का म्हणू नये? आमेन ठेका. फिरत राहतो, नाच त्यावर चालतो, सगळं जुळतं. नाहीतर 'तुकडा'. आणि ठुमरीच्या शेवटी बोल थांबून तबला पुढे येतो, ती 'लग्गी'ही या ब्रेकच्या जवळची वाटते.

मूळ प्रतिसादकाचे उत्तर

लग्गीचं साम्य मलाही जाणवतं, तबल्याकडे सूत्रं जाण्याचा तो क्षण फार सुंदर असतो. पण तिथे गायक मुखडा धरून असतो, सूर पूर्ण थांबत नाही. 'तुकडा' तुमच्याच शास्त्रात पक्का पारिभाषिक शब्द आहे, तबला जाणणाऱ्या वाचकांचा त्याने गोंधळ होईल. 'खंड' सुचवणारे भेटतील, पण त्याचा अर्थ 'भाग' घ्यायचा की 'खंड पडणं' हे वाचकाला कळायचं नाही.

'ठेका' मात्र मला एका वेगळ्या कारणाने अडतो. ठेका कोणा एकाचा नसतो. 'धा धिं धिं धा' तुम्ही वाजवा, मी वाजवेन, तीनताल तोच. लिहून ठेवता येतो, शिकवता येतो. आमेन ब्रेक लिहून ठेवला तर हाती फक्त सांगाडा येतो. त्याच जागी तेच आघात दुसऱ्याने वाजवले तर ती आमेनची नक्कल ठरते. संगीतकारांनी उचलला तो कोलमनचा हात. तबलजी लोक 'काय हात आहे!' म्हणतात, त्या अर्थाने. त्या स्नेअरचा चढा, कोरडा आवाज, मधल्या आघातांचं कमी-जास्त वजन, त्या खोलीतली गुंज, टेपचा खरखरीतपणा, हे सगळं मिळून तो ब्रेक. जंगलवाल्यांनी त्याचे कितीही बारीक तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यात त्याच माणसाचं मनगट आहे.

आणि हा हात कायद्याच्या नजरेतून निसटला. गाण्याची चाल आणि शब्द यांना रचनाकार असतो, वाजवलेल्या लयीला सहसा कोणी रचनाकार मानत नाही. कोलमनला या ब्रेकबद्दल कधी काही मिळालं नाही. २००६ साली अटलांटात तो कफल्लक अवस्थेत वारला. धूनचे हक्क असलेल्या स्पेन्सरला हा प्रकार १९९६ मध्ये कळला, आणि तोवर दावा लावायची मुदत उलटून गेली होती. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या दोघा डीजेंनी लोकवर्गणी काढून त्याला सुमारे २४,००० पौंड पाठवले. स्पेन्सर २०२० मध्ये वारला. हजारो गाण्यांत जो वाजला त्या कोलमनपर्यंत यातलं काहीच पोचू शकलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून 'ठेका' लिहून तो ब्रेक अनामिक करू नये, असं माझं आग्रहाचं मत आहे. 'ब्रेक' हाच शब्द ठेवा आणि पहिल्या उल्लेखात कोलमनचं नाव घाला.

प्रश्नकर्ती

पटलं. 'ब्रेक'च ठेवते. मग 'सॅम्पल'ला 'नमुना' चालेल का? आणि 'एमेन' लिहू की 'आमेन'?

उत्तर

'नमुना' नको. नमुना सगळ्या मालाची कल्पना यावी म्हणून दाखवतात. धान्याचा नमुना, अर्जाचा नमुना. इथे तो तुकडाच नव्या गाण्याचा कच्चा माल होतो, मूळ गाण्याची कल्पना त्यावरून कोणी करत नाही. 'सॅम्पल' नाम म्हणून राहू द्या. क्रियापद हवं तिथे 'उचलणे' छान बसतं : 'हा ब्रेक अमुक रेकॉर्डवरून उचलला आहे.' घेतल्याची कबुली त्यात आहे, आणि 'चाल उचलली' असं आपण बोलतोच. फक्त 'उचल' हे नाम टाळा, ऊसतोडीच्या उचलीशी गल्लत होईल. 'उसना घेतला' मुळीच लिहू नका. उसनं परत करायचं असतं.

'आमेन'च लिहा. मराठी ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणतात, मराठी बायबलातही तेच रूप आहे, आणि ही धून चर्चच्याच गीतावरून आलेली आहे. ब्रेक पुल्लिंगी, गाडीच्या ब्रेकसारखाच : तो ब्रेक, ते ब्रेक. सॅम्पल नपुंसकलिंगी : ते सॅम्पल, ती सॅम्पलं. 'जंगल' मात्र पहिल्यांदा येईल तिथे 'जंगल संगीत' असं पूर्ण लिहा, नाहीतर 'लंडनमधले जंगल' वाचून लोक झाडं शोधतील.